पत्ता एकाच ठिकाणी, नाव सगळीकडे: पीएलसी प्रोग्रॅममध्ये हार्डवेअरच्या पत्त्यांऐवजी तार्किक नावे वापरण्याची पद्धत

पीएलसीच्या (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या) प्रोग्रॅममध्ये एखाद्या इनपुटचा हार्डवेअर पत्ता किती ठिकाणी लिहिलेला आहे, हा प्रश्न यंत्रणा सुरळीत चालू असेपर्यंत सहसा कोणी विचारत नाही. कार्डाचा एक चॅनल जळतो, शेजारचा राखीव चॅनल रिकामा असतो, वायर दोन मिनिटांत तिकडे हलवता येते, आणि मग लक्षात येते की जुना पत्ता इंटरलॉकमध्ये (अट पूर्ण नसल्यास यंत्र रोखणाऱ्या लॉजिकमध्ये) आहे, अलार्ममध्ये आहे, रनिंग अवर्सच्या काउंटरमध्ये आहे आणि स्काडाच्या (ऑपरेटर ज्यावरून यंत्रणा पाहतो व चालवतो त्या संगणक प्रणालीच्या) पडद्यावरही आहे. वायर हलवायला दोन मिनिटे आणि प्रोग्रॅम दुरुस्त करायला अर्धी रात्र, असा हिशेब होतो. त्यातही एखादी जागा नजरेतून सुटली, तर पंप चुकीच्या अटीवर चालू किंवा बंद होतो.

यावरचा उपाय असा, की हार्डवेअरचा पत्ता संपूर्ण प्रोग्रॅममध्ये फक्त एकाच ठिकाणी लिहायचा आणि बाकी सर्व ठिकाणी त्या संकेताचे अर्थपूर्ण नाव वापरायचे. हे सांगायला सोपे असले तरी नाव कसे द्यावे, पत्ता नेमका कोठे लिहावा, उलट्या संपर्काचे काय करावे आणि जुना प्रोग्रॅम नव्या पद्धतीत कसा आणावा, या प्रत्येक टप्प्यावर निर्णय घ्यावे लागतात. ते निर्णय क्रमाने कसे घ्यावेत, हे या लेखात एका उदाहरणाच्या आधारे मांडले आहे.

समजा, नदीकाठच्या एका जॅकवेलवर (नदीचे पाणी उपसण्याच्या विहिरीवर) तीन व्हीटी (उभे टर्बाइन) पंप आहेत. प्रत्येक पंपाच्या डिलिव्हरी लाइनवर ॲक्च्युएटरने उघडबंद होणारा व्हॉल्व्ह आहे, विहिरीत ० ते १२ मीटर पल्ल्याचा लेव्हल ट्रान्समीटर आहे आणि पाणी पुढे जलशुद्धीकरण केंद्राकडे जाते. पॅनलमध्ये सीमेन्सचा एस७-१२०० पीएलसी आहे. पद्धत मात्र कोणत्याही कंपनीच्या पीएलसीला लागू पडते, म्हणून जेथे फरक महत्त्वाचा आहे तेथे इतरांचाही उल्लेख केला आहे. सॉफ्टवेअरमध्ये टॅगची (नाव दिलेल्या संकेतांची) नावे आणि पत्ते रोमन लिपीत टंकले जातात. येथे ते वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिले आहेत.

पत्त्यावर विसंबण्यातला धोका

पत्ता ही कार्डाची आणि स्लॉटची माहिती आहे. ती पंपाची माहिती नाही. ‘%आय०.३’ याचा अर्थ शून्याव्या बाइटचा तिसरा बिट एवढाच. त्या बिटावर एक नंबर पंपाचा ओव्हरलोड (जास्त भार आल्यास मोटर बंद करणारा रिले) आहे की दोन नंबरच्या व्हॉल्व्हचा लिमिट स्विच, हे ड्रॉइंग उघडल्याशिवाय कळत नाही. शिवाय पत्ता लिहिण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी आहे. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत इनपुटचे क्रमांक अष्टमान पद्धतीने चालतात, म्हणजे एक्स७ नंतर थेट एक्स१० येतो आणि तो नववा इनपुट असतो. त्याच कंपनीच्या क्यू मालिकेत क्रमांक षोडशमान पद्धतीने चालतात आणि तेथे एक्स१० हा सतरावा इनपुट ठरतो. एका मालिकेचा प्रोग्रॅम पाहून दुसऱ्या मालिकेवर काम करणारा माणूस कितीही हुशार असला, तरी येथे फसू शकतो.

अंतर्गत मेमरीचे पत्ते तर यापेक्षाही धोकादायक आहेत, कारण त्यांना कोणतीही वायर जोडलेली नसते आणि चूक डोळ्यांना दिसत नाही. सीमेन्समध्ये एमडब्ल्यू१० या वर्डमध्ये एमबी१० आणि एमबी११ हे दोन बाइट येतात, तर एमडब्ल्यू११ मध्ये एमबी११ आणि एमबी१२. एका अभियंत्याने दाबाची मर्यादा एमडब्ल्यू१० मध्ये ठेवली आणि दुसऱ्याने वेळेची किंमत एमडब्ल्यू११ मध्ये लिहिली, तर मधला बाइट दोघांच्याही वाट्याला येतो आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याचे बिघडवते. एस७-१२०० मध्ये क्लॉक मेमरी (ठरावीक गतीने आपोआप चालू-बंद होणारे बिट) चालू केली की ती मूळ मांडणीनुसार एमबी० या बाइटमध्ये बसते आणि एम०.५ हा बिट एक हर्ट्झने लुकलुकू लागतो. तोच बिट कोणी पूर्वी इंटरलॉकसाठी वापरलेला असेल, तर त्या इंटरलॉकची अवस्था दर अर्ध्या सेकंदाला पालटत राहते. नावाने घोषित केलेल्या चलांना जागा सॉफ्टवेअर स्वतः नेमून देते, त्यामुळे अशा टकरीला वावच उरत नाही.

पहिली पायरी: प्रोग्रॅमच्या आधी आय/ओ लिस्ट

नावे प्रोग्रॅम लिहिता लिहिता सुचू देऊ नयेत. आधी आय/ओ लिस्ट (सर्व इनपुट-आउटपुटची यादी) पूर्ण करावी, आणि तिच्यात कार्ड व चॅनलचा रकाना शेवटी भरावा. पहिला रकाना उपकरणाचा असावा: कोणता पंप, कोणता व्हॉल्व्ह, कोणता ट्रान्समीटर. त्यानंतर संकेताचे नाव, साध्या मराठीत किंवा इंग्रजीत एका ओळीचे वर्णन, संकेताचा प्रकार, निरोगी अवस्थेत तो शून्य असतो की एक, ॲनालॉग असेल तर पल्ला आणि एकक, आणि मग पॅनलमधला टर्मिनल क्रमांक, वायरवरच्या फेरूलचा (टोकाच्या ओळखपट्टीचा) क्रमांक, ड्रॉइंगचे पान आणि सर्वांत शेवटी पीएलसीचा पत्ता.

यातील ‘निरोगी अवस्थेत शून्य की एक’ हा रकाना बहुतेक याद्यांमध्ये नसतो. माझ्या मते संपूर्ण यादीतला तोच सर्वांत मोलाचा रकाना आहे. त्याचे कारण पुढे येईल.

राखीव चॅनलही यादीत लिहावेत. तेरावा चॅनल रिकामा आहे, हे यादीत स्पष्ट दिसत असेल, तर कार्ड बिघडल्यावर शोधाशोध करावी लागत नाही.

दुसरी पायरी: नाव कसे द्यावे

नावाचा पहिला भाग उपकरणाचा आणि दुसरा भाग संकेताचा, एवढा एकच नियम नेटाने पाळला तरी बरेचसे काम होते. एक नंबर पंपाला ‘जेपी१’ म्हटले, तर त्याचे संकेत ‘जेपी१_चालू_फीडबॅक’ (पंप खरोखर चालू असल्याची परत आलेली खूण), ‘जेपी१_ओव्हरलोड_ओके’, ‘जेपी१_रिमोट’ आणि आदेश ‘जेपी१_स्टार्ट_आदेश’ असे होतात. उपकरण पुढे ठेवल्यामुळे यादी अक्षरक्रमाने लावली की एका पंपाचे सर्व टॅग एकत्र दिसतात. संकेत पुढे ठेवला तर तीन पंपांचे तीन फीडबॅक एकत्र येतात, आणि दोष शोधताना त्याचा काही उपयोग होत नाही.

उपकरणाचे नाव तेच असावे, जे मोटरवर रंगवलेले आहे आणि ऑपरेटर फोनवर उच्चारतो. मोटरवर ‘पंप २’ लिहिले आहे, ड्रॉइंगवर ‘पी-१०२’ आहे आणि स्काडावर ‘रॉ वॉटर पंप बी’ दिसते, अशी स्थिती असेल, तर आधी ती मिटवावी आणि मगच टॅग द्यावेत. येथे संकोच करू नये. गरज पडल्यास मोटरवरचा रंग बदलून घ्यावा.

मापन उपकरणांसाठी आयएसए-५.१ या मानकातील अक्षरे उद्योगात रुळलेली आहेत: पहिले अक्षर काय मोजले जाते ते सांगते आणि पुढचे अक्षर उपकरण काय करते ते. लेव्हल ट्रान्समीटरला ‘एलटी’, प्रेशर ट्रान्समीटरला ‘पीटी’, फ्लो ट्रान्समीटरला ‘एफटी’. प्रक्रियेच्या ड्रॉइंगवर तीच अक्षरे असतात, म्हणून प्रोग्रॅममध्येही तीच ठेवावीत. मोठ्या वीज प्रकल्पांमध्ये केकेएससारखी संपूर्ण क्रमांकपद्धत आधीच ठरलेली असते. तेथे स्वतःची नवी पद्धत काढू नये.

नावात काय नसावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कार्डाचा क्रमांक, स्लॉट, चॅनल, आयपी पत्ता, कंपनीचे नाव यांपैकी काहीही नावात आणू नये. ‘एआय२_चॅनल३_लेव्हल’ असे नाव दिले, तर वायर दुसऱ्या चॅनलवर गेल्याच्या दिवसापासून ते नाव खोटे बोलू लागते, आणि खोटे नाव हे नाव नसण्यापेक्षा वाईट असते. आयईसी ६११३१-३ या पीएलसी भाषांच्या मानकानुसार नावात अक्षरे, अंक आणि अंडरस्कोअर चालतात, नावाची सुरुवात अंकाने होत नाही आणि लहान-मोठ्या अक्षरांत भेद केला जात नाही. रॉकवेलच्या कंट्रोललॉजिक्समध्ये टॅगचे नाव ४० अक्षरांपर्यंतच जाऊ शकते. सीमेन्समध्ये मोकळी जागा आणि विशेष चिन्हेही चालतात, परंतु ती वापरू नयेत, कारण उद्या तेच नाव स्काडात, एक्सेलमध्ये आणि ओपीसी यूए (वेगवेगळ्या यंत्रणांमधील माहितीच्या देवाणघेवाणीचे मानक) सर्व्हरमध्ये जाणार असते आणि प्रत्येक ठिकाणचे नियम इतके उदार नसतात.

तिसरी पायरी: संकेताची दिशा नावात आणणे

इमर्जन्सी स्टॉपचे बटण नॉर्मली क्लोज्ड (एनसी) संपर्कावर जोडलेले असते, म्हणजे बटण दाबलेले नसताना इनपुटवर एक असतो आणि बटण दाबल्यावर किंवा वायर तुटल्यावर शून्य येतो. ही जोडणी योग्यच आहे, कारण वायर तुटली तरी यंत्रणा सुरक्षित बाजूला जाते. अडचण नावात निर्माण होते. या इनपुटला ‘इमर्जन्सी_स्टॉप’ असे नाव दिले, तर ‘इमर्जन्सी_स्टॉप = १’ याचा अर्थ बटण दाबले आहे असा होतो की दाबलेले नाही असा? लिहिणाऱ्याला ठाऊक असते, परंतु दोन वर्षांनी वाचणारा माणूस नेमका उलटा अर्थ घेतो आणि आपल्या नव्या ओळीत उलटा संपर्क टाकतो.

म्हणून नाव असे द्यावे, की ते ‘आहे’ जोडून वाचले असता एक या किमतीचा अर्थ आपोआप निघावा. ‘इमर्जन्सी_ओके’ एक आहे, म्हणजे सर्व ठीक आहे. ‘जेपी१_ओव्हरलोड_ओके’ एक आहे, म्हणजे रिले ट्रिप झालेला नाही. ‘जेपी१_व्हॉल्व्ह_पूर्ण_उघडा’ एक आहे, म्हणजे व्हॉल्व्ह खरोखर पूर्ण उघडला आहे. ‘जेपी१_ओव्हरलोड’ किंवा ‘जेपी१_व्हॉल्व्ह’ अशी अर्धवट नावे कटाक्षाने टाळावीत. आय/ओ लिस्टमधला ‘निरोगी अवस्था’ हा रकाना याचसाठी हवा: तो भरताना पॅनल बनवणाऱ्याला संपर्क कसा जोडला आहे, हे विचारावेच लागते.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करतो. नाव कितीही चांगले असले, तरी इमर्जन्सी स्टॉपने मोटरचा पुरवठा तोडण्याचे काम हार्डवायर्ड सर्किटने किंवा सुरक्षिततेसाठी प्रमाणित रिले अथवा पीएलसीने करायचे असते. साध्या पीएलसीतला ‘इमर्जन्सी_ओके’ हा टॅग फक्त माहितीसाठी आणि अलार्मसाठी असतो.

चौथी पायरी: मॅपिंगचा ब्लॉक

आता पत्ता लिहिण्याची ती एकमेव जागा तयार करावी. त्यासाठी दोन ब्लॉक करावेत: एक इनपुट मॅपिंगचा, जो प्रत्येक सायकलच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका पूर्ण फेरीच्या (स्कॅनच्या), सुरुवातीला चालेल, आणि दुसरा आउटपुट मॅपिंगचा, जो सायकलच्या शेवटी चालेल. मधल्या सर्व लॉजिकमध्ये टक्केवारीच्या चिन्हाने सुरू होणारा एकही पत्ता दिसता कामा नये.

इनपुट मॅपिंगमधल्या काही ओळी अशा दिसतील:

जेपी१.चालू_फीडबॅक := %आय०.०; // टीबी१-०५, फेरूल १०५, पान १२
जेपी१.ओव्हरलोड_ओके := %आय०.१; // टीबी१-०६, फेरूल १०६, पान १२, एनसी
जेपी१.रिमोट := %आय०.२; // टीबी१-०७, फेरूल १०७, पान १२

टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये हे पत्तेही पीएलसी टॅग टेबलमध्ये नावाने नोंदवले जातात; तेथे ‘डीआय_०_०’ असे निव्वळ हार्डवेअरचे नाव दिले तरी हरकत नाही, कारण ते मॅपिंगच्या बाहेर कोठेही वापरायचे नसते. नावात हार्डवेअर येऊ नये, या नियमाला एवढा एकच अपवाद आहे.

ओळीच्या शेवटी असलेली टीप शोभेसाठी नाही. रात्री दोष शोधणारा इलेक्ट्रिशियन हातात ड्रॉइंग घेऊन उभा असतो आणि त्याच्यासाठी ‘जेपी१_ओव्हरलोड_ओके’ या नावाइतकाच फेरूल क्रमांक महत्त्वाचा असतो. तार्किक नावांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की नावामुळे वायरपर्यंत पोहोचायला एक पायरी वाढते. आक्षेप खरा आहे. मॅपिंगच्या ब्लॉकमध्ये टर्मिनल आणि पान लिहिलेले असेल, तर ती पायरी उलट आधीपेक्षा सोपी होते. लिहिलेले नसेल, तर आक्षेप घेणारा बरोबर आहे.

आता चॅनल जळाल्याचा प्रसंग पुन्हा पाहू. ‘%आय०.१’ हा चॅनल गेला आणि वायर राखीव ‘%आय१.५’ वर हलवली, तर वरील तीन ओळींपैकी दुसऱ्या ओळीत एकच बदल करायचा असतो. इंटरलॉक, अलार्म, काउंटर, स्काडा यांतील कशालाही हात लावावा लागत नाही. बदललेला संपर्क नॉर्मली ओपन प्रकारचा असेल, तर त्याच ओळीत उलट करणारे चिन्ह घालावे. संपर्काची दिशा बदलण्याचे काम फक्त मॅपिंगमध्येच झाले पाहिजे.

मॅपिंगचा आणखी एक फायदा कमी जणांच्या लक्षात येतो. सीमेन्समध्ये इनपुटची प्रतिमा सायकलच्या सुरुवातीला एकदा घेतली जाते आणि ती संपूर्ण सायकलभर स्थिर राहते. रॉकवेलच्या कंट्रोललॉजिक्समध्ये मात्र इनपुट प्रोग्रॅमच्या स्कॅनशी न जुळता, आपल्या गतीने अद्ययावत होत असतात. त्यामुळे एकाच स्कॅनमध्ये वरच्या ओळीने पाहिलेली किंमत आणि खालच्या ओळीने पाहिलेली किंमत वेगळी असू शकते. तेथे टॅगला नुसते अलायस नाव दिले, तर नाव छान मिळते, परंतु हा प्रश्न तसाच राहतो, कारण अलायस हे त्याच जिवंत इनपुटचे दुसरे नाव असते. किंमत वेगळ्या टॅगमध्ये उतरवून घेतली, तरच ती स्कॅनभर एक राहते. म्हणून रॉकवेलवर काम करणाऱ्यांनी अलायसवर न थांबता मॅपिंगचा ब्लॉक करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पाचवी पायरी: ॲनालॉग संकेत

विहिरीच्या पातळीचा ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअर देतो. सीमेन्सचे कार्ड हा पल्ला ० ते २७६४८ अशा पूर्णांकात बदलते. हा पूर्णांक लॉजिकमध्ये कोठेही येऊ नये. लॉजिकमध्ये फक्त मीटर असावेत. पातळी ३ मीटरच्या खाली गेल्यास पंप बंद करायचा असेल, तर प्रोग्रॅममध्ये ‘एलटी१.पातळी_मीटर < ३.०’ असे दिसले पाहिजे. ‘%आयडब्ल्यू९६ < ६९१२’ अशी ओळ वाचून कोणालाही काही बोध होत नाही, आणि उद्या १५ मीटर पल्ल्याचा नवा ट्रान्समीटर बसवला, तर ती ओळ आपल्या जागी शांतपणे चुकीची होते: तोच आकडा आता ३.७५ मीटर दाखवत असतो.

म्हणून मॅपिंगमध्येच ‘नॉर्म_एक्स’ आणि ‘स्केल_एक्स’ या सूचना वापरून किंमत मीटरमध्ये बदलावी आणि पल्ल्याच्या दोन्ही टोकांच्या किमती स्थिरांक म्हणून नावाने ठेवाव्यात. पडताळणीसाठी मधला बिंदू घ्यावा: १२ मिलिअँपिअरला १३८२४ आणि ६ मीटर यायला हवेत.

त्याच ठिकाणी संकेत निरोगी आहे की नाही, हेही ठरवावे. नामूर एनई ४३ या शिफारशीनुसार ३.६ मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी आणि २१ मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह हा ट्रान्समीटरचा बिघाड मानला जातो. कार्डाच्या आकड्यांत या मर्यादा साधारण उणे ६९१ आणि २९३७६ येतात. या मर्यादांच्या बाहेर किंमत गेली, की ‘एलटी१.संकेत_ओके’ शून्य करावा. अशा रीतीने एका ट्रान्समीटरसाठी दोन नावे तयार होतात, एक किमतीचे आणि एक विश्वासार्हतेचे, आणि पुढच्या लॉजिकला दोन्ही वापरणे भाग पडते. वायर तुटल्यावर पातळी शून्य दिसते आणि ‘विहीर कोरडी’ असा खोटा अलार्म येतो, ही जुनी तक्रार येथेच संपते.

सहावी पायरी: एक पंप लिहावा, तीन वापरावेत

वरच्या उदाहरणात ‘जेपी१.चालू_फीडबॅक’ असे बिंदू देऊन लिहिले आहे, त्यामागे हेतू आहे. पंपासाठी एक संरचना तयार करावी, जिच्यात फीडबॅक, ओव्हरलोड, रिमोट, आदेश, बिघाड, एकूण चाललेले तास असे सर्व घटक असतील, आणि त्या प्रकारचे तीन चल घोषित करावेत. पंपाचे लॉजिक एका फंक्शन ब्लॉकमध्ये एकदाच लिहावे. त्या ब्लॉकच्या आत ना पत्ता असतो, ना पंपाचा क्रमांक. तेथे केवळ ‘चालू_फीडबॅक’ आणि ‘ओव्हरलोड_ओके’ अशी अंतर्गत नावे असतात. चौथा पंप आला, तर नवा चल, मॅपिंगच्या काही ओळी आणि ब्लॉकची एक हाक (कॉल), एवढेच काम उरते.

फंक्शन ब्लॉकच्या आतून बाहेरच्या ग्लोबल टॅगला हात घालण्याचा मोह होतो, विशेषतः सामाईक हेडरच्या (सर्व पंपांच्या एकत्रित पाइपच्या) दाबासारख्या संकेताबाबत. तो टाळावा आणि तो दाबही इनपुट म्हणूनच ब्लॉकला द्यावा.

सातवी पायरी: स्काडा आणि इतर यंत्रणांपर्यंत तेच नाव

पीएलसीच्या आत नावे नीट लावली आणि स्काडात पुन्हा पत्ते टंकले, तर निम्मे काम वाया जाते. सीमेन्सच्या जुन्या डेटा ब्लॉकमध्ये स्काडा ‘डीबी१०.डीबीडब्ल्यू४’ असा निरपेक्ष पत्ता वाचत असे. त्या ब्लॉकच्या मध्ये कोणी एक नवा चल घातला, की त्याखालचे सर्व चल पुढे सरकतात आणि स्काडा कोणतीही तक्रार न करता चुकीची किंमत दाखवत राहते. एस७-१२०० आणि एस७-१५०० मध्ये नवा डेटा ब्लॉक मूळ मांडणीनुसार ऑप्टिमाइझ्ड असतो. त्यात असा निश्चित पत्ताच नसतो आणि वाचणाऱ्याला नावानेच वाचावे लागते. काही जुने ड्रायव्हर हे करू शकत नाहीत आणि मग केवळ त्यांच्यासाठी ऑप्टिमाइझ्ड पर्याय सरसकट बंद केला जातो. त्याऐवजी बाहेरच्या यंत्रणेसाठी एकच वेगळा साध्या प्रकारचा डेटा ब्लॉक करावा, त्यात हव्या त्या किमती उतरवाव्यात आणि नवीन चल नेहमी शेवटीच जोडावेत.

ओपीसी यूए उपलब्ध असेल, तर तेच निवडावे. तेथे टॅग नावाने शोधता येतात.

मॉडबसला मात्र नाव ठाऊक नाही. मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणलेला हा प्रोटोकॉल आजही एनर्जी मीटर, व्हीएफडी (मोटरची गती बदलणारे उपकरण) आणि फ्लो मीटरमध्ये सर्रास आढळतो आणि त्यात फक्त रजिस्टरचे क्रमांक असतात. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेले रजिस्टर प्रत्यक्ष संदेशात शून्य या क्रमांकाने मागितले जाते. काही उत्पादक मॅन्युअलमध्ये एकपासूनचे क्रमांक देतात, तर काही शून्यापासूनचे, आणि त्यामुळे शेजारच्या रजिस्टरची किंमत वाचली जाते. दोन रजिस्टर मिळून होणाऱ्या दशांश किमतीत कोणता वर्ड आधी, यावरही एकमत नाही. म्हणून प्रत्येक मॉडबस उपकरणासाठी मॅपिंगचा स्वतंत्र ब्लॉक करावा, त्यात रजिस्टर क्रमांक, मॅन्युअलमधील क्रमांक आणि वर्डचा क्रम टिपेत लिहावा, आणि त्यापलीकडे ‘मीटर१.व्होल्टेज_आर_वाय’ असेच नाव जावे. उपकरणाच्या पडद्यावर दिसणारी किंमत आणि टॅगमधली किंमत समोरासमोर ठेवून पाहिल्याशिवाय या मॅपिंगवर विश्वास ठेवू नये.

जुना प्रोग्रॅम नव्या पद्धतीत आणताना

नवा प्रोग्रॅम लिहिणे सोपे आहे; खरी कसोटी चालू यंत्रणेतल्या जुन्या प्रोग्रॅमची असते. प्रथम, तुमच्याकडे मूळ प्रोजेक्ट फाइल आहे का, ते पाहावे. एस७-३०० आणि एस७-४०० मध्ये नावे व टिपा संगणकावरच राहतात. पीएलसीतून प्रोग्रॅम परत घेतला, तर केवळ पत्ते मिळतात. रॉकवेलच्या कंट्रोललॉजिक्समध्ये आणि एस७-१२००, एस७-१५०० मध्ये टॅगची नावे कंट्रोलरमध्येच असतात.

मूळ फाइल नसेल, तर ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष वायर तपासून आय/ओ लिस्ट नव्याने तयार करावी. ड्रॉइंग खरे मानून चालू नये, कारण वर्षानुवर्षे झालेले बदल त्यावर चढलेले नसतात.

त्यानंतर क्रॉस रेफरन्स काढावा आणि प्रत्येक पत्ता कोठे वाचला जातो व कोठे लिहिला जातो, ते पाहावे. एकाच आउटपुटवर दोन ठिकाणी लिहिले जात असेल, तर ते बहुधा येथेच उघडकीस येते. एक सावधगिरी मात्र बाळगावी: पॉइंटर वापरून गणिताने काढलेले पत्ते क्रॉस रेफरन्समध्ये दिसत नाहीत. अशा ओळी हाताने शोधून वेगळ्या यादीत ठेवाव्यात आणि त्यांचे रूपांतर सर्वांत शेवटी करावे.

सीमेन्सच्या स्टेप ७ या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत ब्लॉक फोल्डरच्या गुणधर्मांमध्ये पत्त्याला प्राधान्य की नावाला, अशी एक निवड असते. सिम्बॉल टेबलमध्ये ‘जेपी१_स्टार्ट_आदेश’ चा पत्ता बदलला, तर पहिल्या निवडीत प्रोग्रॅम जुन्याच पत्त्यावर राहतो आणि दुसऱ्या निवडीत तो नावामागे नव्या पत्त्यावर जातो. टेबलला हात लावण्यापूर्वी ही निवड पाहणे अनिवार्य आहे, अन्यथा नाव एका आउटपुटचे आणि क्रिया दुसऱ्याच आउटपुटवर, असे घडू शकते.

आणि एक शिस्त: रूपांतर करताना लॉजिक सुधारू नये. जुन्या प्रोग्रॅममध्ये एखादा टायमर विचित्र वाटेल, एखादी अट निरर्थक वाटेल. ती वहीत लिहून ठेवावी आणि तशीच्या तशी नावात उतरवावी. आधी नावे, मग चाचणी, मग बॅकअप, आणि त्यानंतरच सुधारणा. दोन्ही एकत्र केले आणि पंप सुरू झाला नाही, तर दोष नाव बदलल्याने आला की लॉजिक बदलल्याने, हे सांगता येत नाही. एका वेळी एकच पंप रूपांतरित करावा आणि उरलेले दोन पंप जुन्या पद्धतीवर चालू ठेवावेत, म्हणजे पाणीपुरवठा थांबवावा लागत नाही. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर फोर्स केलेला (हाताने शून्य किंवा एकवर धरून ठेवलेला) एकही बिट उरलेला नाही, याची खात्री करावी.

चाचणी: नाव म्हणजे पुरावा नव्हे

पडद्यावर ‘जेपी१_ओव्हरलोड_ओके’ दिसते, म्हणून तो खरोखर एक नंबर पंपाचाच ओव्हरलोड आहे, असे सिद्ध होत नाही. चांगले नाव वाचणाऱ्याला इतके पटते, की चुकीच्या वायरवर बसलेले चांगले नाव अधिक काळ लपून राहते. म्हणून लूप चेकिंग प्रत्यक्ष जागेवरूनच करावे: एकाने रिलेचे टेस्ट बटण दाबावे आणि दुसऱ्याने ऑनलाइन टॅग पाहावा, त्याच वेळी इतर दोन पंपांचे टॅग बदलत नाहीत, हेही पाहावे. ट्रान्समीटरच्या जागी लूप कॅलिब्रेटर जोडून ४, १२ आणि २० मिलिअँपिअर द्यावेत आणि मग वायर काढून ‘संकेत_ओके’ शून्य होतो का, ते तपासावे. प्रत्येक संकेतासमोर तारीख आणि दोघांच्या सह्या याव्यात.

मॅपिंगचा ब्लॉक वेगळा असल्यामुळे पॅनल तयार होण्याआधीच कार्यालयात बसून लॉजिकची चाचणी करता येते. इनपुट मॅपिंगऐवजी सिम्युलेशनचा ब्लॉक चालवायचा, जो आदेश मिळाल्यावर दोन सेकंदांनी फीडबॅक एक करतो आणि पातळी हळूहळू उतरवतो. लॉजिकला फरक कळत नाही. हा सिम्युलेशनचा बिट चालू यंत्रणेत चुकून एक राहू नये, म्हणून त्याचा कायमचा अलार्म ठेवावा, किंवा कमिशनिंगनंतर तो ब्लॉक काढूनच टाकावा.

मोठ्या यंत्रणांमध्ये हीच पद्धत

जेथे शेकडो संगणक आणि हजारो संकेत असतात, तेथे नाव ही सोय न राहता गरज बनते. कणत्वरकांमध्ये वापरली जाणारी एपिक्स ही नियंत्रण प्रणाली संपूर्णपणे नावांवर उभी आहे: प्रत्येक संकेताला एक नाव असते, पडद्यावरचा प्रोग्रॅम ते नाव नेटवर्कवर पुकारतो आणि ज्या संगणकाकडे तो संकेत आहे तो उत्तर देतो. विचारणाऱ्याला कार्ड तर नाहीच, पण संगणकही ठाऊक असण्याची गरज नसते. हार्डवेअरचा पत्ता त्या संकेताच्या नोंदीतील एका रकान्यात असतो. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील ईएसआरएफ या सिंक्रोट्रॉन संस्थेत जन्मलेल्या टँगो प्रणालीत प्रत्येक उपकरणाला क्षेत्र, कुल (फॅमिली) आणि सदस्य अशा तीन भागांचे नाव असते आणि त्या नावांची नोंद एका मध्यवर्ती डेटाबेसमध्ये राहते.

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या सुधारित नियंत्रण प्रणालीसाठी टँगोचाच आधार घेतलेला आहे. या दुर्बिणीच्या ३० अँटेनांची नावे पाहण्यासारखी आहेत. मध्यवर्ती चौकातल्या १४ अँटेना ‘सी’ या अक्षराने सुरू होतात, तर तीन भुजांवरच्या अँटेना ‘ई’, ‘डब्ल्यू’ आणि ‘एस’ या दिशादर्शक अक्षरांनी. ‘डब्ल्यू०४’ म्हटले की खगोलशास्त्रज्ञ, अभियंता आणि देखभाल करणारा कर्मचारी, तिघांच्याही डोळ्यांसमोर एकच अँटेना येते. क्रमांकांच्या मालिकेत ‘सी०७’ नाही आणि ‘एस०५’ही नाही, तरीही बाकीच्यांचे क्रमांक मागे सरकवून ती पोकळी भरलेली नाही. छोट्या पंपिंग स्टेशनवरही हेच करावे: दोन नंबरचा पंप कायमचा काढला, तर तीन नंबरला दोन म्हणू नये, कारण जुने अलार्म, जुने लॉगबुक आणि ऑपरेटरची सवय हे सर्व जुन्या क्रमांकाशी बांधलेले असते.

हस्तांतर करताना

प्रोग्रॅम पूर्ण झाल्यावर पॅनलच्या दाराच्या आतील खिशात तीन गोष्टी ठेवाव्यात: अंतिम आय/ओ लिस्ट, मॅपिंगच्या दोन्ही ब्लॉकची छापील प्रत आणि नावे देण्याच्या नियमांचे एक पान. त्या पानावर प्रत्येक संक्षेपाचा अर्थ लिहिलेला असावा. मूळ प्रोजेक्ट फाइल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि पासवर्ड ग्राहकाकडे लेखी पोच घेऊन द्यावेत. त्यानंतर जो कोणी वायर हलवेल, त्याने त्याच दिवशी मॅपिंगची ओळ, तिच्या शेवटची टीप आणि छापील यादी, या तीनही ठिकाणी बदल करून तारखेसह सही करावी.